लॉस्ट म्हणजे

बेळगावजवळच्या उचगावचा परशराम शहरात खासबागेतल्या एका शाळेत एकतीस वर्षं शिपाई होता. इंग्रजी त्याला येत नव्हतं. पण मुलांची एखादी वस्तू हरवली की फळ्यावर 'लॉस्ट' असं लिहून खाली तिचं नाव लिहिलं जायचं आणि ती शोधायचं काम परशरामकडं यायचं. डबे, छत्र्या, एकदा तर कानातला डूल. शोधलं की बहुतेक सापडायचंच.

गेल्या श्रावणात त्याची बायको जयाबाई फुफ्फुसाच्या दुखण्यानं बेळगावातल्या एका दवाखान्यात होती. "मला घरला न्या," एवढाच तिचा धोशा. एका दुपारी तर ती चपला घालून, भिंत धरत धरत जिन्यापर्यंत पोचली होती.

मंगळवारी तिला जरा बरं वाटलं म्हणून परशराम शाळेत गेला. अकराच्या सुमारास फोन आला. डॉक्टरीण नवीन, उत्तरेकडची. तिला ना मराठी येत होतं, ना कन्नड. "सॉरी, वुई लॉस्ट हर," ती हलक्या आवाजात म्हणाली. मग हिंदीत, "जल्दी आइए."

परशरामला तो जिना आठवला. उठून चालती झाली वाटतं ही!

रिक्षा करून तो दवाखान्याच्या फाटकाशी उतरला, पण वर गेला नाही. ती वर नाही म्हणूनच तर फोन आला होता. चहावाल्याला, रिक्षावाल्यांना, औषधाच्या दुकानात तो विचारत सुटला. "हिरवं लुगडं हाय, लई दम लागतोय तिला. बघितलासा काय?" निपाणीला दिलेल्या लेकीला, रचनाला त्यानं फोन केला. "तुझी आई हरवली गं."

"सापडंल आप्पा, जाणार कुठं? मी निघतेच."

घरला जायचं म्हणत होती, म्हणजे बस गाठणार, असा हिशेब करून परशराम स्टँडवर गेला. उचगावच्या तीन बसगाड्या त्यानं आतून पाहिल्या. कंडक्टरला हात जोडले. दोन तास गेले.

रचना निपाणीहून आली ती थेट वॉर्डात गेली. तिथून तिनं फोन केला.

"आप्पा, कुठं हायसा?"

"स्टँडवर. अजून सापडली न्हाय गं."

"आप्पा, आई हितंच हाय."

"सापडली?" परशराम एवढ्यानं ओरडला की बसमधली माणसं वळून बघायला लागली. "तिला पाणी दे. रागं भरू नको, मी आलोच!"

वाटेत त्यानं तिच्यासाठी मोसंबी घेतली. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला. दारात रचना उभी होती. तिच्या खांद्यावरून आतली खाट दिसली. जयाबाईच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

दिवसकार्य आटोपल्यावर परशराम शाळेत गेला. इंग्रजी शिकवणाऱ्या शरद सरांना त्यानं विचारलं, "लॉस्ट म्हंजे हरवलंच न्हवं?"

सरांनी जाडा कोश काढला. वाचता वाचता त्यांचा आवाज उतरला. "जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ नाश होणं, मरून जाणं असा होता परशराम. वस्तू हरवण्याचा अर्थ मागनं आला."

"म्हंजे त्या बाईचं बरोबर. माझंच चुकलं."

"तसं नव्हे रे..."

"मेली म्हणायला त्यांच्यात शब्द हाय?"

"आहे. डाइड."

"त्यो ठाऊक हाय मला," परशराम म्हणाला. "त्यो म्हटला असता तर मी तिच्यापाशी असतो. दोन तास एकटी पडली हो ती तितं."

सरांनी कोश मिटला.

निवृत्तीला दोन वर्षं असतानाच परशरामनं नोकरी सोडली. आता तो उचगावातच असतो. फोन वाजला की शेजारच्या नागुबाईच्या हातात देतो. "काय म्हणत्यात ते नीट इचार," म्हणतो आणि उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहतो. रचनाचा असला तरी.