मडगार्डला हात लावायचा नाही!

टायरच्या दुकानासमोर जुने टायर कसे साठतात, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. कोणी टाकून जातो, कोणी "उद्या नेतो" म्हणतो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. दारव्ह्याला बंडूभाऊच्या दुकानासमोर आम्ही त्याच ढिगावर बसतो, आणि आमचे किस्सेही तसेच साठलेत. एक ओढला की चार गडगडत खाली येतात! त्यातले निम्मे देविदासच्या गाडीचे. खरे का खोटे, ते मला विचारू नका. मी सांगतो तेवढा वेळ ते खरेच असतात.

*

गाडी म्हणजे जुनी स्टेशन वॅगन. पुढून कार, मागून खोली! देविदासचे सासरे जाताना ती आपल्या लेकीच्या, म्हणजे आमच्या शांतावहिनींच्या नावानं करून गेले. त्यामुळे वहिनींचा भाऊ विठ्ठलदादा जो फुगला, तो आजवर फुगलेलाच आहे. अंगानं तर तो आधीपासूनच फुगलेला.

देविदासच्या तांड्याचा रस्ता काळ्या मातीचा. ट्रॅक्टरनं दोन बाजूंना चर पाडलेले, मध्ये उंचवटा. गाडी गेली की पोट घासायचं. एकदा सायलेन्सर तिथंच राहिला आणि गाडी बोंबलत घरी आली.

"मोठे टायर टाकतो," देविदास म्हणाला. "उंच बी आन् रुंद बी."

हे पांढरकवड्याला विठ्ठलदादाच्या कानावर गेलं. तो तडक तांड्यावर आला आणि वस्तीच्या नायकासमोर, म्हणजे प्रमुखासमोर म्हणाला, "बापूची गाडी हाय. टायरसाठी तिले कुठं कापली का घासली, तं गाडी मी नेतो!"

देविदासनंही मिशीवर हात फिरवला. "मंजूर! मडगार्डले हात लागला तं गाडी तुमची."

झालं. तांड्यात नायकासमोर दिलेला शब्द म्हणजे शब्द!

*

टायर बसवायला आम्ही सगळे हजर. कुळकर्णी बाबू मोबाईलमध्ये पाहून सांगत होते. तहसीलमधून रिटायर झालेला हा माणूस इतका बारीक, की वावटळीच्या दिवसांत खिशात लोखंडी पाना ठेवून फिरतो.

"देविदास, यात स्पष्ट लिहिलंय. गाडी उचलावी लागेल किंवा मडगार्ड कापावं लागेल. त्याशिवाय हे टायर बसूच शकत नाहीत."

"बाबूजी, ज्यानं लिहिलं त्यानं आमच्या तांड्याचा रस्ता पाह्यला का?"

"नाही."

"मंग त्याचं कायले ऐकता!"

टायर बसले. मागं जागाच जागा. पुढंही सरळ चालवली तर ठीक, डावीकडे वळवली तर ठीक. स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं आणि... घर्रर्रर्र! टायर मडगार्डला लागला.

बंडूभाऊनं कपाळावर हात मारला. "थोडंसं कापा लागन, देवा."

"कायले?" देविदास म्हणाला. "मी पुरा उजवीकडं वळतच नाही!"

*

आणि खरंच वळेना! हलकंसं उजवीकडे चालायचं, पण मोठं वळण आलं की हा पठ्ठ्या डावीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे.

एकदा बाजाराच्या दिवशी कुळकर्णी बाबूंना पोस्टात सोडायचं होतं. पोस्ट रस्त्याच्या उजव्या हाताला, समोर दिसत होतं. देविदास डावीकडे निघाला. बाबूंनी त्या दिवशी कापसाचं जिनिंग पाहिलं, बैलबाजार पाहिला, एका लग्नाची पंगत पाहिली. पोस्टात पोचले तेव्हा खिडकी बंद!

"देविदास, पोस्ट समोर होतं रे!"

"मंग! पयलेच दाखवलं नव्हतं का मी?"

*

घराच्या फाटकाची गोष्ट याहून वरताण. आत शिरायला पूर्ण उजवं वळण लागायचं. देविदासनं काय करावं? फाटकच उचललं! कंपाउंडची भिंत फोडली, खांब पाडले, नवे खांब पलीकडच्या कोपऱ्यात उभे केले.

गवंडी शेवटी वैतागला. "भाऊ, एवढी भिंत फोडून राह्यले. त्याच्यापेक्षा मडगार्ड चार बोटं कापलं असतं तं?"

"भिंत मायी हाय, बापा," देविदास म्हणाला. "गाडी बायकोची हाय."

इतक्यात वहिनीच गाडी घेऊन वावरातून आल्या. मजूर बायांना ने-आण करायला तीच गाडी, आणि चालवायच्या त्याच. त्या नव्या फाटकातून झोकात आत शिरल्या, खाली उतरल्या, जुन्या फाटकाच्या भगदाडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता बकऱ्या कुठून जातीन, तेबी ठरवून टाका."

*

मोठ्या टायरनं आणखी एक चमत्कार केला. मीटरवर किलोमीटर कमी पडायला लागले! कुळकर्णी बाबू यवतमाळला जाताना मीटर पाहतच बसले.

"म्हणजे मीटर दाखवतं त्याहून तू जोरात चालवतोयस! हळू घे!"

"नाही बाबूजी. यवतमाळ जवळ आलं."

बंडूभाऊ मागून म्हणाला, "याहून मोठा टायर हाय दुकानात. टाकतो का? यवतमाळ दारव्ह्याच्या बसस्टँडवर आनून ठेवू!"

*

पण खरा शोध लागला झरी जामणीच्या जंगलात. एका लग्नाला चाललो होतो. बंडूभाऊचा देह मोठा, त्यात सकाळपासून भजी हाणलेली. "मी मांगं लंबा होतो," म्हणून तो डिक्कीत जाऊन झोपला. वाटेत सागाचं झाड आडवं. मागं फिरायचं तर एकच वाट, आणि ती पूर्ण उजवीकडे वळणारी.

देविदासनं गाडी थांबवली. घाम पुसला. सासऱ्यांचं नाव घेतलं आणि स्टेअरिंग फिरवलं.

आम्ही कान झाकले.

आवाजच नाही!

पुन्हा फिरवून पाहिलं. नाही! खाली उतरून पाहतो तर काय, बंडूभाऊच्या वजनानं गाडीचं बूड खाली बसलं होतं आणि नाक वर उचललं होतं. पुढचा टायर मडगार्डपासून मोकळा!

त्या दिवसापासून अवघड वळण म्हटलं की बंडूभाऊ डिक्कीत. कुळकर्णी बाबूंनी हरकत घेतली, "हा गाडीतला बदलच झाला की!"

"म्या काय स्पेअर पार्ट हाय का?" बंडूभाऊ गरजला. "मले भजे लागते, ग्रीस नाही!"

*

आता ऐका भाऊबीजेचं.

विठ्ठलदादा तांड्यावर आला. ओवाळून घ्यायच्या आधी गाडीकडे गेला. मडगार्डच्या आतून बोटं फिरवली, टॉर्च मारला, आडवा होऊन पाहिलं. कापल्याची खूण नाही. पण माणूस वस्ताद!

"कापलं नाही, मान्य. पन एवढा टायर घासल्याबिगर राहतच नाही. पुरी उजवीकडं फिरवून दाखवा, मायासमोर. घासली का चाबी मायी!"

नायकही येऊन उभा राहिला. देविदास आमच्याकडे बघायला लागला, आणि आम्ही एकमेकांकडे. बंडूभाऊ बायकोला घेऊन केळापूरला गेलेला!

"मी बसू का डिक्कीत?" कुळकर्णी बाबूंनी हळूच विचारलं.

"बाबूजी," देविदास दातओठ खात म्हणाला, "तुमी बसले तं बूड आनखी वर येईन."

तेवढ्यात शांतावहिनी ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. भावाच्या कपाळाला टिळा लावला, ओवाळलं, पेढा भरवला. मग ताट पुढच्या सीटवर ठेवलं आणि देविदासच्या हातातून चावी घेतली.

"मी फिरवते. भिया, तूबी बस गाडीत. आवाज आतूनच आयकू येते चांगला."

विठ्ठलदादा पुढचं दार उघडायला लागला.

"तिथं ताट हाय भिया. आजच्या दिवशी ताट उचलू नोको. मांगं बस."

"मांगं तं कापसाचे गाठोडे हाय."

"त्याच्याबी मांगं. डिक्कीत. मोकळी हाय."

दादा वाकत वाकत डिक्कीत शिरला. गाडीनं मागून एक खोल उसासा टाकला. वहिनींना हे कोणी सांगितलं? मी नाही. बाबू नाही. देविदास तर नाहीच!

वहिनींनी स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं. अंगणातल्या कडुनिंबाला एक फेरा. मग दुसरा. मग आणखी एक, अगदी सावकाश. टायर असा गुमान फिरला, जसा लोण्यातून फिरतोय.

गाडी थांबली. नायक म्हणाला, "आवाज नाही."

डिक्कीतून दादाचा आवाज आला, "नसन आला. तरीबी बापूची गाडी हाय. मीच नेतो!"

वहिनींनी गाडी बंद केली, मागं वळून पाहिलं आणि चावी भावापुढे धरली.

"ने न भिया. पन तुले जिंदगीभर तिथंच बसा लागन."