मूठभर कोंड्याची लेक

बहात्तरच्या दुष्काळात शेवगावच्या पुढं रस्त्याचं काम निघालं होतं. खडी फोडणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी मदतीला गेलेल्या आम्ही काही जणींनी कडेला मांडव घातला, जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या, आणि ते पाळणाघर माझ्या गळ्यात पडलं. मी नगरची, बिनलग्नाची, जिभेनं तिखट. पोरं मात्र मला चिकटायची, का कोण जाणे.

एक बाई तेवढी लेक देईना. सहा महिन्यांची पोर मांडीवर घेऊन भर उन्हात खडी फोडायची. कपच्या उडायच्या, धुळीनं पोरीचे डोळे लालबुंद झालेले. मी रोज जाऊन भांडायचे. शेवटी ती म्हणाली, "बाई, हिच्या आदीची तीन गेली. नजरंआड केली की हीबी जाईल." माझा जीव तुटायचा नुसता.

एके दुपारी शेजारी खडी फोडणारी तिची सासू म्हणाली, "इकून टाक की पोर या बाईला."

माझं डोकंच फिरलं. पोटची पोर विकायची? म्हातारीला असं फैलावर घेतलं की विचारू नका. दोघी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग म्हातारीनं समजावलं. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथं नवं लेकरू मूठभर कोंड्यावर परक्याला विकायचं. मरणाला वाटतं, हे घर रिकामंच आहे.

रेशनवर मिळणाऱ्या मिलोचा, त्या तांबड्या परदेशी ज्वारीचा, मूठभर कोंडा मी पोरीच्या आईच्या पदरात टाकला आणि पोर माझी झाली. त्याच दिवशी ती मांडवातल्या झोळीत झोपली. आई मधल्या सुट्टीत यायची आणि अगदी परकेपणानं विचारायची, "बाई, तुमच्या पोरीला पाजू का?" मी तोऱ्यात म्हणायचे, "पाज. पण नीट धर, माझी आहे." हळूहळू पोरीचे डोळे निवळले, गाल भरले. मला बघितलं की खुदकन हसायची. मला तिचं वेडच लागलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात काम बंद झालं. आई डोक्यावर बोचकं घेऊन मांडवापाशी आली.

"बाई, तुमची लेक सांबाळायला नेऊ का?"

मी पोरीला छातीशी घट्ट धरलं, तशी ती घाबरून माझ्या तोंडाकडं बघायला लागली. खरं सांगते, त्या क्षणी मला ती द्यायची नव्हती.

"ने," मी म्हणाले, आणि पोरीच्या बोटांतून माझा पदर मीच सोडवला.