'पण' न लावता

आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या सुमनताईंनी माझं कापड समोर ठेवलं आणि म्हणाल्या, "मी बाही आखूड कापली. बोलण्याच्या नादात माप बघितलं नाही. चूक माझी आहे."

आता 'पण' येईल म्हणून मी थांबले. तो आलाच नाही. यापुढे माप दोनदा बघेन, एवढंच त्या म्हणाल्या.

घरी येताना मला माझा 'पण' आठवला. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन मीच लांबवलं होतं. दिवाळीनंतर बघू, म्हटलं होतं. तोवर त्या डोळ्याची नजर गेली. विचारणाऱ्यांना मात्र मी सांगत आले, डॉक्टरांनी नीट समजावलंच नाही. खरं तर त्यांनी समजावलं होतं. ही सबब सांभाळण्यातच माझी सगळी ताकद जात होती.

संध्याकाळी वडिलांजवळ बसले. म्हटलं, "अण्णा, डॉक्टर घाई करा म्हणाले होते. मी ऐकलं नाही. चुकलं माझं."

अण्णा म्हणाले, "दुसरा डोळा दाखवायला उद्याच जाऊ. आणि मलाही आत ने. डॉक्टर काय सांगतात ते मीही ऐकेन."