दोन हप्ते चुकले तेव्हा...

गेल्या महिन्यातली गोष्ट. ठाणे स्टेशनपासून टेंभी नाका चालत जेमतेम पंधरा मिनिटं... मला त्या मंगळवारी पाऊण तास लागला. वाटेत दोनदा थांबले, एकदा तर चक्क मागे फिरले होते.

जायचं होतं वैद्य मॅडमकडे. डोंबिवलीत ज्या शाळेच्या ऑफिसात मी सहा वर्षं टेम्पररी होते, तिथल्या त्या हेडक्लार्क. आता रिटायर झाल्यात, एकट्याच राहतात. आणि माझ्या कर्जाला त्या जामीनदार आहेत.

थोडं मागचं सांगते. शाळेतली नोकरी संपल्यावर मी घरी पडदे, सोफा कव्हर शिवायला लागले. एका पतपेढीचं कर्ज काढून दोन मोठ्या मशीन घेतल्या. सुरुवात छान झाली. मग एका इंटिरियरवाल्याने भलीमोठी ऑर्डर करून घेतली आणि पैसे बुडवले...

कर्ज थकलं, प्रकरण ठाण्याला लोकअदालतीत गेलं. तिथे तडजोड झाली. बरंचसं व्याज माफ, बाकीचं दर महिन्याच्या हप्त्याने फेडायचं. पण अट होती... लागोपाठ दोन हप्ते चुकले की तडजोड रद्द. माफ झालेलं व्याजही परत माझ्या डोक्यावर, आणि मी नाही दिलं तर वसुली मॅडमकडून.

सात हप्ते वेळेवर भरले. मग स्कूटीवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, शिवणकाम ठप्प. नवऱ्याच्या पगारात घर आणि मुलीची फी कशीबशी निघत होती. त्याला म्हटलं, हप्त्याचं मी बघते. मनात म्हटलं, पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम भरू...

पुढच्या महिन्यातही नाही जमलं. पतपेढीतून फोन यायचे. मी तो नंबर 'उचलू नको' या नावाने सेव्ह करून ठेवला होता. आता लिहितानाही लाज वाटते.

सोमवारी दुपारी नोटीस आली. सगळ्यात खाली एक ओळ होती, प्रत जामीनदारांना रवाना. म्हटलं, निदान ते पाकीट पोचायच्या आत आपण पोचायला हवं.

मॅडमनी दार उघडलं, पाणी दिलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्या उठल्या, टेबलाच्या खणातून एक पाकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. फोडलेलं होतं.

"शुक्रवारीच आलं," त्या म्हणाल्या. "चार दिवस बघत होते, तू येतेस का ते."

मला वर बघवेना.

"हात मोडला त्याचं काही नाही गं. कोणाचाही मोडेल. एक फोन करायला काय झालं होतं तुला?"

"लाज वाटली मॅडम..."

"लाज तुला वाटली आणि झोप माझी उडाली. माझ्याकडे आहे काय? पेन्शन आणि एक एफडी. ती गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलीय मी."

मी म्हटलं, एक मशीन विकते. त्या एकदम चिडल्या. "मग पुढचे हप्ते कशातून भरणार? डोकं ठिकाणावर आहे का?" आणि मग ऑफिसात बोलायच्या तशाच आवाजात म्हणाल्या, "कागद घे. अर्ज लिही."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं... हात मोडला म्हणून हप्ते चुकले, एक लगेच भरते, दुसऱ्याला मुदत द्या. नुकतंच प्लास्टर निघालेलं, अक्षर अगदी पहिलीतल्या मुलासारखं येत होतं. मी म्हटलं, घरी जाऊन मुलीकडून नीट लिहून घेते. "नको. असंच राहू दे. त्यांनाही दिसू दे."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याने नोटीस दोनदा वाचली. मग म्हणाला, "कंपनीत ॲडव्हान्स मागून बघतो." गुरुवारपर्यंत एका हप्त्याचे पैसे हातात आले.

गुरुवारी पतपेढीत गेले, तर मॅडम आधीच येऊन बसलेल्या. वसुली अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला, एक्स-रे बघितला. "ताई, किती फोन केले आम्ही. पहिला हप्ता चुकला तेव्हाच हा कागद दिला असतात तर नोटीस निघालीच नसती." एक हप्ता भरून घेतला. दुसऱ्याचं मात्र कमिटी ठरवणार, तोवर काही सांगता येत नाही म्हणाले.

पुढचे बारा दिवस कसे काढले ते माझं मलाच माहीत. बेल वाजली तरी धस्स व्हायचं. तेराव्या दिवशी पत्र आलं... तडजोड कायम, राहिलेला हप्ता शेवटी जोडून दिलाय. पुन्हा चुकला तर अर्ज घेणार नाही, असंही स्पष्ट लिहिलंय.

पहिला फोन मॅडमना केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं. दर महिन्याला पावतीचा फोटो पाठवायचा मला. आणि एक सांगते, यापुढे मी कोणाच्याच कागदावर सही करणार नाही. तुझ्यासुद्धा." ऐकून वाईट वाटलं. पण बरोबर आहे त्यांचं.

काल या महिन्याचा हप्ता भरला, फोटो पाठवला. उत्तर आलं, 'मिळाला.' एवढंच. पूर्वी त्या मला रोज सकाळी गुड मॉर्निंग पाठवायच्या... ते अजून सुरू झालेलं नाही. होईल हळूहळू, किंवा नाहीही होणार.

तुमच्यापैकी कोणाचा हप्ता चुकला असेल तर आधी जामीनदाराला फोन करा. फार जड जातं, पण करा. मॅडम फेसबुकवर नाहीत, म्हणून इथे लिहायचं धाडस करतेय... इतक्या रागात असूनही त्या गुरुवारी पतपेढीत त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर दीड तास बसून होत्या. त्याबद्दल त्यांचे आभार कसे मानायचे, मला अजून सुचलेलं नाही.