नाक्यावर उभी राहिलेली निडीची पोर

मला शांतपणे काही सांगता येत नाही, हे आधीच बोलून टाकते. घरात दूध उतू गेलं तरी मी गाव गोळा करते, मग ही तर आमच्या नाटकाची गोष्ट! पेणच्या बालनाट्य स्पर्धेत रोह्याशेजारच्या वरसे गावातली आमची शाळा दरवर्षी जायची आणि दरवर्षी सपाटून आपटायची. झाडं लावा, पाणी वाचवा, मोबाईल सोडा. मी लिहायचे, पोरं पोपटासारखी बोलायची, परीक्षक जांभया द्यायचे.

यंदा विषय पोरांनीच आणला. मी वर्गात बालहक्क शिकवत होते. प्रत्येक मुलाला शिकायचा हक्क आहे, खेळायचा आहे, डोक्यावर छप्पर असायचा आहे, असं झोकात चाललं होतं माझं. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी उठली. आदल्या दिवशी तिनं बातम्यांत पॅलेस्टाईनमधली शाळेला निघालेली मुलं पाहिली होती.

"बाई, त्यांच्या वाटेत बंदूकवाले उभे असतात. दप्तर उपसतात. मनात आलं तर सोडतात, नायतर नाय. मग ती पोरं 'प्रत्येक' मधी येतात का नाय?"

अगं बाई! "येतात! आलीच पाहिजेत!" म्हणून मी डस्टर असं आपटलं की पहिली रांग खडूनं पांढरी झाली. त्याच तासाला नाटक ठरलं.

मग आम्ही वाचत सुटलो. तिकडे गावाच्या वाटेवर लष्कराचा नाका, त्यात एकेकाला सोडणारं लोखंडी फिरतं गेट. गेट बंद म्हणजे शाळा बुडाली, परीक्षा असो की काही असो. कुठे घर पाडलं, कुठे शाळाच पाडली. आमच्या पोरांच्याच वयाच्या मुलांना सैनिक घरातून उचलून नेतात आणि खटला चालतो लष्करी न्यायालयात, हेही मी वाचून दाखवलं. मला तर इतका संताप आला की त्या दिवशी मी डबाही खाल्ला नाही, आणि मी डबा न खाणं म्हणजे शाळेत बातमीच!

नाटक साधंच होतं. शाळकरी मुलगी नाक्यावर येते, सैनिक चौकशी करतो, परत पाठवतो, ती तिथंच खाली बसून धडा वाचायला लागते. मुलगी झाली तीच प्रश्न विचारणारी, आमची चुणचुणीत. सैनिक कोण? निडीहून रेल्वेनं शाळेला येणारी एक उंच, अबोल पोर पुढे आली. "बाई, मी करू? मला आजपत्तूर झाडच केलंय." खरंच की! दरवर्षी कोपऱ्यात फांदी धरून उभी असायची बिचारी. मी म्हटलं, "कर! बिनधास्त कर!" काय फुलली सांगू! तिचे वडील डोलवीला कंपनीत शिफ्टला जातात. रोज गेट पास दाखवून फिरत्या गेटमधून आत शिरणारा माणूस. त्यांनी सुट्टीच्या दिवशी पीव्हीसी पाईपचं हुबेहूब फिरतं गेट करून दिलं. पोरं दिवसभर त्यातून गरागरा फिरत होती, शेवटी मला ओरडावं लागलं.

आणि तालमीत घोटाळा! निडीची पोर गेटपाशी ताठ उभी राहायची, "कोण तू? कुठून आलीस?" विचारायची, ती चुणचुणीत मुलगी उत्तर द्यायची, आणि ही बया बाजूला सरून म्हणायची, "ये." सगळी खो खो हसायची. मी समजावलं, ओरडले, स्वतः सैनिक होऊन दाखवलं. पुन्हा तेच! शेवटी तिनंच रडवेली होऊन सांगितलं. गौरी येते तेव्हा घरात उंबऱ्याआड तीच उभी असते. बाहेरून गौर आणणारीला आतून विचारायचं, कोण आलं, कशाच्या पावलांनी आली, आणि उत्तर मिळालं की बाजूला होऊन आत घ्यायचं. लहानपणापासून तिचं हेच काम. "बाई, इचारलं की मागाहून घेयाचंच असतं ना? इचारून परत कोण धाडतं?"

हसावं की रडावं कळेना मला.

आमच्या पीटीच्या सरांना मात्र कळत होतं. "मॅडम, मुलगा घ्या एखादा खणखणीत आवाजाचा. पेणला पुन्हा नाक कापून घ्यायचंय का?" हे नेमकं तिच्यासमोर. पोरीचा चेहरा एवढासा झाला. तिनं टोपी काढून गेटवर अडकवली आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, सवयीनं. माझं असं डोकं फिरलं! पण मी तोंड उघडायच्या आत चुणचुणीतच तिच्यासमोर जाऊन उभी.

"अगो, तू मला आत घेतलीस तर लोकांना वाटंल तिकडल्या पोरीला सोडतात. मग तिला सोडत नाय ते कळायचं कसं त्यांना? माझ्यासाठी नको, तिच्यासाठी अडव."

निडीची पोर तशीच गेटपाशी गेली. मग टोपी उचलून डोक्यावर घातली. त्या दिवशीही तिनं बाजूला पाऊल टाकलंच, पण अर्धं. सर हसले. मी म्हटलं, "हीच करणार. विषय संपला."

पेणला सभागृह गच्च! खाडीकडच्या गावांतून आयाबाया पोरांचं नाटक बघायला टेम्पोनं आलेल्या. मी विंगेत, तोंडात आख्खा रुमाल. दप्तर घेऊन चुणचुणीत आली. सैनिकानं विचारलं, कोण तू? कुठून आलीस? तिनं सांगितलं. दप्तर उपसलं गेलं, वह्या भुईवर पडल्या. आता! मला निडीच्या पोरीचा उजवा पाय दिसत होता फक्त. हलतोय का? हलतोय का?

"आज शाळा नाय. परत जा."

हलला नाही! मी विंगेत उडीच मारली. चुणचुणीत पुन्हा विनवायला लागली, तशी मधल्या रांगेतली एक म्हातारी उठली आणि खणखणीत ओरडली, "सोड गो तिला! पोर शाळेत चाललीय!" मग दुसरी उठली, मग सगळी रांग, मग सगळं सभागृह. सोड! सोड गो! खुर्च्या वाजायला लागल्या. परीक्षकसुद्धा उठून उभे! माझी निडीची पोर गेट धरून उभी. गालांवरून घळाघळा पाणी, पण पाय जागचा हलेना. "परत जा." चुणचुणीत खाली बसली, मोठ्यानं धडा वाचू लागली, आणि पडदा पडला.

मी धावत जाऊन तिला उचललंच. माझ्यापेक्षा उंच पोर, तरी उचलली! "जिंकलीस गं! काय उभी राहिलीस!" बाहेर टाळ्यांचा नुसता कडकडाट. पीटीचे सर डोळे पुसत होते. ती मात्र हसेना. वह्या गोळा करणाऱ्या मैत्रिणीकडे बघत म्हणाली,

"बाई, एवढी सगळी ओरडली, तरी मी नाय सोडली. म्हंजे तिकडं पण नुसतं ओरडून नाय ना सुटत ती?"

"नाय गो," मी म्हटलं. "नाय सुटत."