गाडी जड झालीय

मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात ग्रीसनं भरलेले होते. मानवतला आमच्या घराच्या अंगणात मी मंगलची स्कूटर उघडून बसलो होतो. परभणीच्या ज्या कॉलेजात मी क्लार्क आहे तिथून त्या दिवशी मुद्दाम रजा घेतली होती, आणि गाडी उघडलेली म्हणून मंगल, माझी बायको, एसटीनं तिच्या शाळेवर गेली होती. फोन ओट्यावर वाजत होता. ग्रीसच्या हातानं कशाला धरायचा म्हणून मी तो वाजू दिला. बंद पडून पुन्हा वाजला तेव्हा करंगळीनं उचलला. "साहेब, मॅडमला चक्कर आलीय, वर्गातच खाली बसल्या. आमी त्यांना घेऊन परभणीला निघालोत, तुमी थेट दवाखान्यातच या." मी बरं म्हणालो, आणि आधी हात धुतले. पेट्रोलच्या चिंधीनं, मग कपडे धुवायच्या पावडरीनं, मग नखांत राहिलेलं काळं काडीनं कोरून. चक्कर तर आलीय, उपास धरला असेल, असं मनाशी म्हणत... सुटे नट परातीत नीट झाकून ठेवले आणि मगच बाहेर पडलो.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, "यांना दम कधीपासून लागत होता?" मी म्हणालो, दम वगैरे काही नव्हता. "चढ चढताना? काही उचलताना, ढकलताना?" मी नाहीच म्हणणार होतो, पण तोंडातून वेगळंच निघालं. "गाडी जड झालीय म्हणायची." डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मग कागदावर हृदयाचं चित्र काढलं, त्यातली एक झडप दाखवली आणि ती नीट उघडली नाही तर मागं रक्त कसं तुंबतं ते सांगू लागले. मला ते पहिल्या रेघेतच कळलं. इंजिनातली तशीच झडप मी किती रविवारी घासून पुसून बसवली होती. एवढ्या लवकर कळल्याची तिथं उभ्या उभ्या लाज वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी मंगल गेली.

तिच्या शाळेत शोकसभा झाली. पोरं तिच्याजवळ कशी बसायची, नवीन आलेल्या मास्तरांना ती कशी सांभाळून घ्यायची, असं तिथं बरंच बोललं गेलं. ते सगळं खरं होतं, पण त्यातलं मी काहीच पाहिलेलं नव्हतं. मला मंगल जी माहीत आहे ती अंगणातली, हातात टॉर्च धरून माझ्यासमोर स्टुलावर बसलेली. म्हणून मी फक्त स्कूटरचंच लिहू शकतो. आणि एक प्रश्न आहे, तोही स्कूटरचाच. ती मला काही सांगत होती का, आणि मी ऐकलं नाही, की दोष गाडीतच आहे या माझ्या सांगण्यावर तिचाही विश्वास बसला होता?

मंगल पूर्ण्याची. वडील रेल्वेत फिटर होते, त्यामुळं पाना, पक्कड, ग्रीस यांचं तिला अप्रूप नव्हतं. लग्नानंतर काही वर्षांनी तिची बदली आतल्या खेड्यातल्या शाळेवर झाली. एसटीच्या भरवशावर वर्ग उघडणं होईना, म्हणून स्कूटर घेतली. चालवायची ती, सांभाळायचा मी, अशी वाटणी आपोआप झाली. सुरुवातीला गाडी गॅरेजला दिली तर तिथं प्लग एवढा आवळला की आटे गेले. त्या दिवसापासून मी तिला बाहेरचा हात लागू दिला नाही. ऑइल बदलणं, कार्ब्युरेटर उघडून तांब्याच्या तारेनं जेट साफ करणं, ब्रेकचे लायनर, केबल, सगळं घरी. दर रविवारी सकाळचा चहा झाला की मी अंगणात गोणपाट टाकायचो आणि मंगल स्टूल घेऊन यायची. नट ठेवायला मी एकदा स्वयंपाकघरातली परात आणली, तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. मग स्वतःच जाऊन नवी परात घेऊन आली. आल्यागेल्याला सांगायची, "आमच्याकडं दोन पराती हायत. एक कणकीची, एक कार्ब्युरेटरची. पाव्हणे, तुमाला कोणत्या परातीतलं वाढू?"

एकदा आम्ही दोघं त्याच गाडीवर येलदरीला धरण बघायला निघालो होतो. जिंतूरच्या पुढं गाडी फटफट करून थांबली. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. डिकीतून पाना काढला, प्लग उघडला, काजळी पॉलिश पेपरनं घासली. मंगल लिंबाच्या सावलीत बसून शेंगा खात होती. म्हणाली, "अहो, तुमी धरण बघायला आलेच न्हाईत. ही कुठं बंद पडती तेच बघायला आलेत." मी म्हणालो, "तू शेंगा खा." ती म्हणाली, "खायलेच की. टरफलं तुमच्या परातीत टाकू का?" धरण आम्ही पाहिलं त्या दिवशी, पण मला पाणी आठवत नाही. ती टरफलं आठवतात.

गाडीच्या बाबतीत माझे काही नियम होते. गाडी नेहमी डबल स्टँडवरच लावायची, कारण तिरक्या स्टँडवर पेट्रोल एका बाजूला उतरतं आणि गाडी कलंडते. सकाळी थंड इंजिनाला किकच द्यायची, बटण दाबायचं नाही. पुढं बटणाची मोटर गेली तेव्हा ती बदलायची मी मनावरच घेतलं नाही. उलट बरंच झालं म्हणालो. किकनं गाडीची तब्येत राहते, असं माझं ठाम मत होतं. मंगलनं कधी वाद घातला नाही. शाळेत दिवसभर दुसऱ्यांना नियम सांगणारी बाई घरी आल्यावर माझे नियम हसून पाळायची.

गेल्या दिवाळीच्या आधी ती पहिल्यांदा म्हणाली, "अहो, गाडी जड झालीय." मी विचारलं, कुठं? "स्टँडवर चढत न्हाई." मला ते खरंच वाटलं. स्टँडची पिन गंजली असणार. त्या रविवारी पिन काढून घासली, ग्रीस भरलं, स्प्रिंग बदलली. काही दिवसांनी म्हणाली, किक जड झालीय. मग किकचं कव्हर उघडलं. नंतर ब्रेक जड झाला म्हणाली, केबल नवी टाकली. दारातल्या फळीवरून गाडी वर ढकलताना अडते म्हणाली, तर मी फळी बदलून लांब टाकली, चढ कमी व्हावा म्हणून. बेअरिंग बदलले, टायरमध्ये हवा वाढवली. खोटं कशाला सांगू, ते महिने मला बरे गेले. एवढं काम त्या गाडीनं मला कधीच दिलं नव्हतं. प्रत्येक तक्रारीवर माझ्याकडं उत्तर होतं, आणि संध्याकाळी ती घरी आली की मी फाटकातच विचारायचो, "कशीय आता?" ती हेल्मेट काढायची, थोडा वेळ सीटला टेकून उभी राहायची आणि म्हणायची, "हलकी झाली." ती तिथं का टेकून उभी राहते, हे मी विचारलं नाही. उत्तर मिळालं की मी आत जायचो.

एका रविवारी मात्र मी चिडलो. किक पुन्हा जड झाली असं ती म्हणाली, आणि मी आदल्याच आठवड्यात सगळं करून दिलं होतं. मी तिला अंगणात बोलावलं आणि तिच्यासमोर किक हातानं दाबून दाखवली. "हे बघ. पायसुद्धा लागत नाही. गाडी जड नाही, तुला किक मारायची सवय राहिली नाही." मंगल बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचा हात हाय तो." एवढंच. तिनं स्टूल ओढलं, बसली आणि टॉर्च हातात घेतला. त्या दिवसांत टॉर्चचा उजेड सारखा खाली यायचा. मी इंजिनात वाकलेला, आणि उजेड हळूहळू उतरत माझ्या पायावर. "उजेड वर धर ना!" मी म्हणायचो. ती दचकून हात उचलायची. "धरायले, धरायले." तिला डुलकी लागते असं मला वाटायचं. एवढ्या वह्या तपासायच्या म्हटल्यावर लागणारच...

ती गेल्यावर तेरावं झालं, पाहुणे पांगले. आमची मुलगी पुण्याला असते, तीही परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, गाडी देऊन टाका कुणाला तरी." मी त्याच आठवड्यात उघडलेली गाडी जोडून पूर्ण केली. टॉर्च विटांवर ठेवला होता. त्याचा उजेड जिथं लावला तिथंच राहिला, जराही हलला नाही, आणि मला काम सुचेना.

त्याच सुमारास शोभावहिनी भाजीचा डबा घेऊन आल्या. गल्लीच्या वळणावर त्यांचं घर आहे. मंगलची त्यांच्याशी चांगली गट्टी होती. अंगणात जोडलेली गाडी दिसली तशा त्या दारातच थांबल्या. "भाऊजी, एक बोलू का? मनातून जायलाच न्हाई." मी बसा म्हणालो, पण त्या बसल्या नाहीत. "मंगल रोज गाडी माझ्या फाटकापर्यंत ढकलत आणायची. मी किक मारून द्यायचे."

मग आठवलं. एरवी मी तिच्या आधी परभणीला निघून जायचो. पण शनिवारी सकाळची शाळा असली की मी घरी असायचो, आणि ती गाडी सुरू न करता तशीच बाहेर न्यायची. एवढ्या सकाळी लोकांची झोपमोड नको, म्हणायची. आमच्या गल्लीला वळणापर्यंत उतार आहे. मला तिच्या समजूतदारपणाचं कौतुक वाटायचं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. मला एका किकला लागायची की ओ. मी म्हणायचे, अगं, लोण्यासारखी हाय गाडी, तुला का लागत न्हाई? तर म्हणायची, वहिनी, यांना सांगू नका. रविवारचा अख्खा दिवस त्या गाडीत घालायलेत, लय वाईट वाटंल त्यांना." शोभावहिनींनी डबा ओट्यावर ठेवला. "मी तरी तिला दवाखान्यात नेलं का? मी आपली रोज किक मारायले अन् हसायले."

त्यांना धीर द्यायला हवा होता. मला जमलं नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं. गाडी हलकी आहे, हे मंगलला रोज सकाळी डोळ्यांसमोर दिसत होतं. जड काय झालंय ते तिला कळलं असेल, निदान शंका तरी आली असेल. आणि ती शंका घेऊन ती घरी यायची, मला "हलकी झाली" म्हणायची. का, तर मी फाटकात उभा असायचो. मला तेवढंच ऐकायचं असायचं. तिनं दोनदा-तीनदा गाडीचं नाव न घेता सांगून पाहिलंही असेल. ते मला आठवत नाही. आठवत नाही, यातच सगळं आलं. गाडीविषयी बोललेला तिचा शब्द न् शब्द माझ्या लक्षात आहे.

मागच्या शनिवारी सकाळी, तिची शाळेला निघायची वेळ झाली तेव्हा, मी गाडी बाहेर काढली. सुरू केली नाही. वळणापर्यंत गाडी न्यायला मंगलला किती जोर लागत असेल, एवढंच बघायचं होतं. काहीच लागला नाही. उतारावर गाडी आपणहून चालली, उलट मलाच तिच्यामागं पावलं उचलावी लागली. शोभावहिनींच्या फाटकाशी मी ती थांबवली आणि तिरक्या स्टँडवर लावली. हाक मारायचा विचार नव्हता. पण स्टँडचा आवाज आत गेला असावा. वहिनी स्वयंपाकघरातून तशाच आल्या, हाताला भाकरीचं पीठ. फाटक उघडलं, हँडलला पीठ लागू नये म्हणून मनगटानं ब्रेक दाबला आणि किक मारली. गाडी एका किकला लागली. "निघ बाई, चालू हाय तवर निघ," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी वर पाहिलं.

त्यांनी पिठाचा हात तसाच तोंडावर नेला होता. गाडी थरथरत होती.

मला कुठंच जायचं नव्हतं. पण त्यांच्यासमोर ती बंद करणं मला जमलं नसतं, म्हणून मी बसलो आणि शाळेच्या रस्त्याला लागलो. दुरुस्तीनंतर फेरी मारायला मी निघायचो तेव्हा आधी आरसा माझ्या उंचीचा करून घ्यायचो, आणि नंतर मंगल काही न बोलता तो पुन्हा तिच्या उंचीचा करायची. तो अजून तिच्याच उंचीचा होता. त्यात मला मागची गल्ली दिसत नव्हती, वहिनीही दिसत नव्हत्या. माझा दंड दिसत होता आणि खाली पळणारी सडक. बोट लावलं असतं तर सरळ झाला असता. मी हात हँडलवरच ठेवला.