दारातूनच खुशाली सांगणारे उकर्डाजी

उकर्डाजी वारले ही बातमी मला वर्गात, फळ्यासमोर उभा असताना कळली. स्टेशनवरचा एक जुना हमाल दाराशी आला, डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला आणि म्हणाला, "मास्तर, आपले उकर्डाजी वारले. सकाळी चहा पेता पेताच." मी फळ्यावरचं त्रैराशिक शेवटापर्यंत सोडवलं, उत्तराखाली दोन रेघा ओढल्या आणि मगच खडू खाली ठेवला. असं का केलं ते मला अजून सांगता येत नाही... त्याला आज सात आठवडे होऊन गेले. मलकापूरच्या आमच्या मुलांच्या दवाखान्याचा चिटणीस म्हणून कागदावर माझं नाव असतं, पण तो दवाखाना उभा राहिला तो या माणसाच्या पायपिटीवर, हे गावात कोणालाही विचारलं तरी सांगेल.

मी पुण्याहून इथल्या शाळेत नोकरीला आलो तेव्हा मोठा शहाणा होतो. वऱ्हाडी बोलणं कानावर पडलं की मला हसू यायचं, आणि त्यात पहिल्याच आठवड्यात स्टेशनच्या मालधक्क्यावरचे हे कारकून भेटले. काळा कोट, काखेत छत्री, नाकाला तपकीर. नाव विचारलं तर म्हणाले, उकर्डा. मी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "हसा, मास्तर, हसा. नाव हसाचंच हाय," ते म्हणाले. "माह्या आधी माह्या मायची तीन लेकरं गेली. मी झालो तं आजीनं मले उकिरड्यावर नेऊन ठेवलं अन् शेजारणीनं मूठभर जवारी देऊन इकत घेतलं. यमाले वाटावं, हे कचऱ्यातलं लेकरू हाय, याले नेऊन काय कराचं?" मग चिमूटभर तपकीर ओढून शांतपणे म्हणाले, "पन त्या तिघायले उकिरडा नाही, डाक्तर पाह्यजे व्हता." मी जन्मात इतका ओशाळलो नव्हतो. त्या दिवसापासून मी त्यांच्यामागे चालू लागलो तो परवापरवापर्यंत.

तेव्हा मलकापुरात गुराढोरांचा दवाखाना होता, मोठ्या माणसांसाठीही एक होता, पण घटसर्प झालेलं किंवा हगवणीनं सुकलेलं पोर घेऊन आलेल्या बाईला बसायला जागा नव्हती. उकर्डाजींनी मुलांसाठी वेगळा दवाखाना काढायचं मनावर घेतलं. गावातल्या शहाण्यांनी मोठमोठ्या व्यापाऱ्यांची यादी करून त्यांच्या हातात दिली. तीस वर्षं मालधक्क्यावर काढलेल्या या माणसाला कोणाच्या कापसाच्या किती गाठी मुंबईला जातात ते तोंडपाठ होतं, तरी त्यांनी यादी घडी करून खिशात टाकली. "गाठी पाहून घर समजत नाही, मास्तर," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी त्या घरांचे न्हावी, बांगड्या भरणाऱ्या कासारणी आणि दमणी हाकणारे गडी यांच्याकडे जाऊन बसले. त्यांचे प्रश्न ठरलेले असत. त्या घरात पोर आजारी पडलं की रात्र कोण जागतं? मालक कोणाचं ऐकतो? आणि त्या घरात कोणती गोष्ट चुकूनही काढायची नाही? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत ते त्या घराची पायरी चढत नसत. मग त्यात सहा महिने गेले तरी चालतील, आणि दवाखान्यासाठी जमलेल्या आमच्या मंडळातले लोक त्यांच्या नावानं कितीही बोटं मोडोत!

या चौकशीपायी एकदा फजितीही झाली. धामणगाव बढ्याच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घराची त्यांनी इतकी बारीक विचारपूस केली, की घरच्यांची खात्रीच पटली, हा कोणा श्रीमंताचा मध्यस्थ असून आपल्या पोरीसाठी स्थळ बघतो आहे. आम्ही दोघं गेलो तेव्हा ओट्यावर घोंगडी अंथरलेली, भावकी जमलेली, आणि थोड्या वेळानं डोक्यावर पदर घेतलेली मुलगी चहाचे पेले घेऊन बाहेर आली. मला दरदरून घाम फुटला. उकर्डाजींनी मात्र चहा घेतला, मुलीला नाव विचारलं, आणि तिच्या बापाला बाजूला नेऊन खरं काय ते सांगितलं. बापाचा चेहरा पडला. पण उकर्डाजी गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पुढच्या दोन महिन्यांत त्या मुलीसाठी खरोखरच चांगलं स्थळ शोधून दिलं, आणि लग्नाच्या मांडवातच त्या गृहस्थांनी दवाखान्याला विहीर बांधून देण्याचं कबूल केलं.

कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या एका मालकाची कथा याहून निराळी. हा गृहस्थ उष्ट्या हातानं कावळा न हाकणारा म्हणून प्रसिद्ध. उकर्डाजींना न्हाव्याकडून कळलं की याचा जीव बैलांत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो आणि तासभर फक्त बैलांच्या शिंगांबद्दल बोललो. मी कंटाळून जांभया देत होतो. शेवटी मालकच म्हणाला, "काम काय काढलं ते तं सांगा!" उकर्डाजी म्हणाले, "काम काही नाही, शेठ. बैलाले डाक्तर हाय मलकापुरात, लेकराले नाही, हेच पाहून राह्यलो." शेठ उठून बैलांना वैरण टाकायला गेला. आठ दिवसांनी दवाखान्याच्या जागेवर छपराचे पत्रे येऊन पडले.

पण माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण देणगी मिळाल्यानंतर दिसे. दिलं, घेतलं, संपलं, असं त्यांच्याकडे नव्हतंच. ज्यानं खाट दिली त्याच्याकडे ते दोन-तीन महिन्यांनी जात आणि त्या खाटेवर कोण झोपलं होतं, काय खात होतं, घरी जाताना कसं रडलं, ते सगळं सांगत. पोराचं नाव मात्र सांगत नसत, दृष्ट लागते म्हणून. पुढं पुढं देणारेच विचारू लागले, "का हो उकर्डाजी, माह्या खाटेवर आज कोन हाय?" बोलायला बसले की ते दुसऱ्याला वाक्य पुरं करू देत नसत, हट्टी तर इतके की विचारू नका, आणि वेळ पाळणं त्यांना मालगाड्यांकडून शिकायला मिळालं असावं. तरी त्यांची वाट बघितली जायची.

आता मला माझ्या पापाकडे यावं लागेल.

सुलतानपूरच्या देवकाबाई पाटलीण म्हणजे दवाखान्याचा मोठा आधार. तरुणपणीच नवरा गेलेला, दोन मुली एकाच आठवड्यात घटसर्पानं गेलेल्या, आणि आता एकुलता एक मुलगा नागपूरला शिकायला. उकर्डाजींनी वर्षभर त्या घराची माहिती काढली, मग तीन वेळा नुसतं पाणी पिऊन परत आले, आणि चौथ्या वेळी बाईंनी आपणहून आमच्या नर्सबाईंचा सगळा खर्च उचलला. नर्सबाई होत्या म्हणून खेड्यातल्या आया पोर ठेवून जायला तयार होत होत्या. नुसत्या कंपाउंडरच्या भरवशावर कोण ठेवणार? ही बातमी कळताच मी हरखलो. चिटणीस या नात्यानं आभार मानले पाहिजेत, आणि साधं कार्ड काय टाकायचं एवढ्या मोठ्या बाईंना? उकर्डाजी बाहेरगावी होते. मी पोस्टात गेलो आणि झोकात तार ठोकली. इंग्रजीत! मनःपूर्वक आभार, पत्र मागाहून.

तार म्हणजे मृत्यू, हे त्या घराला माहीत होतं, अख्ख्या गावाला माहीत होतं. मला पुणेकराला तेवढं माहीत नव्हतं. मेहकरहून पोस्टाचा शिपाई सायकलीवर तार घेऊन आला तशी गल्लीतल्या बायांनी आकांत मांडला. नागपूरला मुलगा! बाईंनी स्वतः, घरात मरण झाल्यासारखं, चुलीवर पाणी ओतलं. इंग्रजी वाचणारं गावात कोणी नव्हतं. तार घेऊन गडी उलटा मेहकरला धावला, वाचून घेऊन परत आला, तोपर्यंत तीन तास त्या माऊलीनं मुलगा मेलाय असं धरून काढले. मग त्यांच्या गाडीवानाबरोबर मलकापूरला निरोप आला. तो शब्दाला शब्द असा होता: "माह्या लेकाले तीन तास मारून ठेवलं त्या मास्तरानं, आभार मानासाठी. आता माह्या दारचं काही येनार नाही." अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या शहाणपणानं दवाखाना रिकामा व्हायची पाळी आली. नर्सबाई म्हणाल्या, पोळ्यापर्यंत थांबते, मग अकोल्याला जाते. त्यांचाही नाइलाज होता. तोवर त्या उकर्डाजींच्याच घरी दोन वेळा जेवत होत्या.

उकर्डाजी मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. "चाला मास्तर," एवढंच म्हणाले. मोटारीनं बुलढाणा, चिखली, मेहकर, आणि तिथून छकड्यानं सुलतानपूर. बाईंच्या फाटकाशी ते थांबले आणि मला दचकायला होईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "सगळं खुशाल हाय, बाई! कोनाले काही झालं नाही!" मग रामराम केला. आतून कोणी आलं नाही. आम्ही ओट्याच्या कडेला बसून राहिलो. ऊन डोक्यावर आलं, कललं. मी म्हटलं, आता उठू या. "त्यायनं तीन तास काढले, मास्तर," ते म्हणाले. "आपन चार तं काढू." चार तास बसून, गड्यानं दिलेलं पाणी पिऊन आम्ही उठलो. मी रडकुंडीला आलो होतो.

पुढच्या महिन्यात ते पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. दर वेळी मी बरोबर. फाटकातून तीच आरोळी, मग अंगणात उभं राहून मिटल्या दाराला दवाखान्याची हकीकत सांगायची. वाशिमकडून आलेलं जुळं कसं आहे, काविळीची पोर काय खाते, गोवराचं पोर नर्सबाईला कसं चावलं... देणगीचं नाव नाही, माफीचं नाव नाही. मला वाटे, या माणसाला वेड लागलं आहे. पोळा पंधरा दिवसांवर आला. चौथ्या खेपेला ते सगळं सांगून परत फिरले, फाटकापर्यंत आले, आणि मागून दाराच्या फटीतून आवाज आला, "अन् ते काविळीच्या पोरीचं काय झालं? तिचं आज सांगितलंच नाही."

उकर्डाजी वळले. त्यांचे डोळे भरून आले होते, ते मी पहिल्यांदाच पाहिलं. "गेली घरी, बाई! भाकर मागून मागून नर्सबाईले हैरान केलं तिनं." दार उघडलं. देवकाबाईंनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "हेच का तारवाले मास्तर?" म्हणाल्या. मी खाली वाकून पाय धरले. "उठा," त्या म्हणाल्या, "चहा टाकते. अन् नर्सबाईले जाऊ नोका देऊ." तेव्हापासून उकर्डाजी कोणाच्याही दारी गेले तरी आधी खुशालीची आरोळी देत आणि मग आत शिरत. लोक थट्टा करत, पण त्यांनी ते सोडलं नाही.

उकर्डाजींचं तेरावं झाल्यावर मी एकटाच सुलतानपूरला गेलो. ही बातमी बाईंना पत्रानं कळवायची माझी छाती नव्हती. फाटकाशी पोचलो. देवकाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मी तोंड उघडलं, पण काय ओरडणार? त्यांनी माझ्या मागं रस्त्यावर बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "खुशाल नाही म्हना, मास्तर," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडल्या, आणि शाळामास्तराला न शोभेल असा मीही रडलो. फार दिवसांचं आत साठलेलं होतं.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "लेकरायचं काय?" मी सांगू लागलो. आज वॉर्डात सात आहेत, दोघांना ताप, एकाला... "हजेरी घेतल्यावानी काय सांगता?" त्या मधेच म्हणाल्या. "कोनाची पोर हाय, काय खाऊन राह्यली, रातच्याले कोनाले हाका मारते, ते सांगा." ते मला धड सांगता येईना. खरं म्हणजे मला ते माहीतच नव्हतं. चिटणीस होतो, कागद बघत होतो. निघताना त्या म्हणाल्या, "उकर्डाजी गेले, आता मले कोन सांगनार? नर्सबाई म्या कोनाच्या भरवशावर ठेवू?" मी पायात चपला घातल्या आणि छकड्यात जाऊन बसलो.

त्यानंतर महिनाभर शाळा सुटली की मी रोज वॉर्डात जाऊन बसलो. पोरांच्या आयांशी बोललो. त्यांना माझी पुणेरी बोली कळेना, मला त्यांची पुरती कळेना, पण निभलं. आणि गेल्या रविवारी सुलतानपूरला गेलो. फाटकाशी उभा राहिलो. दार बंद होतं. उभ्या आयुष्यात मी कोणाच्या दारात ओरडलेलो नाही. आजूबाजूला कोणी नाही असं बघून, जीभ जमेल तशी वळवून मी म्हणालो, "सगळं खुशाल हाय, बाई."

दारापलीकडून त्यांचा आवाज आला. "ऐकू नाही आलं, मास्तर. ते याच्याहून मोठ्यानं सांगत."

मी हातातली छत्री उकर्डाजींसारखी काखेत मारली, घसा खाकरला, आणि पार वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा ओरडलो.